वाचक विचारतात: पाचवा रकाना

गेल्या अंकात या पानावर आम्ही व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांसाठी एक साधी वही सुचवली होती. प्रत्येक बैठकीला एक ओळ, रकाने पाच: तारीख, खेळ, किती वेळ, कुठे पोचलो, का थांबलो. महिना सरला की त्यावरून पानभर टिपण करायचं: या महिन्यात काय खेळलो, आणि तेव्हा घरात, शेतात, अभ्यासात, कामावर काय चाललं होतं. पत्रं बरीच आली. "चार रकाने कळले, पाचवा कशाला?" हा सूर त्यांत पुन्हा पुन्हा आहे. आमच्या मते वहीत कामाचा रकाना तोच. कसा, ते खालच्या उत्तरांत येईल.

परभणी: वही आणली, तीन दिवस लिहिलं, चौथ्या दिवशी राहिलं ते राहिलंच. लिहायचं तरी किती? अन् महिन्याच्या शेवटी बसलो की काय लिहावं तेच सुधरत नाही.

उत्तर: चौथ्या दिवशी राहिलं, कारण तुम्ही बहुतेक रात्री झोपताना दिवसभराचं आठवून लिहीत होता. ही रोजकीर्द आहे, दैनंदिनी नव्हे. खेळ बंद केला की खुर्चीतून उठायच्या आत ओळ पडली पाहिजे. वही आणि पेन कीबोर्डशेजारी ठेवा. फोनवर खेळत असाल तर चार्जरपाशी ठेवा. फोनमधल्याच नोट्समध्ये लिहू नका, तिथे जाता जाता रील्स लागतात आणि ओळ राहून जाते.

पाचव्या रकान्यात वाक्यं लिहायची नाहीत, खुणा करायच्या. पू: ठरवलं होतं तेवढं पुरं झालं. झो: झोप आली. हा: घरातून हाक आली. ला: लाइट गेली. ने: नेट गेलं. ता: फोन किंवा लॅपटॉप तापला. वै: वैताग आला. मध्ये पंधरा मिनिटांपेक्षा जास्त खंड पडला तर ती नवी बैठक, नवी ओळ. जेवायला उठून परत बसलात तर दोन ओळी.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आधी फक्त खुणा मोजा. ही झाली खतावणी. मग लिहायला घ्या. सुरुवातीच्या दोन ओळी महिन्याबद्दल, खेळाबद्दल नव्हे. नंतर एकाच खेळाबद्दल नीट. बाकीचे खेळ एका ओळीत उरकायचे. शेवटी पुढच्या महिन्यात बदलायची एक गोष्ट, दोन नाही. नमुना असा:

"ऑक्टोबर. १४ बैठका, साधारण १९ तास. पहिले नऊ दिवस कोरे, सोयाबीनची काढणी आणि मळणी. दहा तारखेपासून हॉलो नाइट. मँटिस लॉर्ड्स या तगड्या शत्रूंपाशी चार बैठका अडकलो, चारही वै. पाचव्या वेळी लढाई सोडून नकाशा फिरलो, २५० जिओ (खेळातले पैसे) देऊन नेल (तलवार) सुधारून घेतली, मग पू. पाहुणे आले तेव्हा दोन दिवस दोन पॅडवर नुसता फुटबॉल, सगळ्या बैठका हा. नोव्हेंबरात कापूस वेचणी आहे, मोठा खेळ सुरू करायचा नाही."

एवढं पुरे. यात तासांपेक्षा 'चार वेळा वै, मग वाट बदलली' हे जास्त सांगून जातं. पुढच्या वेळी कुठल्याही खेळात दुसरा वै पडला की मान वर करून नकाशा बघायची सवय त्यातून लागते. टिपण बिघडतं ते दोन कारणांनी. एक, खेळाची गोष्टच सांगत बसणं. ती तुम्हाला माहीत आहे आणि ती इंटरनेटवरही आहे. दोन, दहापैकी गुण देणं. आठ दिले म्हणजे काय, हे सहा महिन्यांनी तुम्हालाही उलगडणार नाही.

नांदेड: स्टीमवर (पीसीचे खेळ घ्यायचं आणि चालवायचं ऑनलाइन दुकान) एका खेळापुढे ६१ तास दिसतात. माझ्या वहीची बेरीज ३८ येते. खरं कोणाचं?

उत्तर: दोघांचंही. खेळ चालू आहे तोवर स्टीम वेळ मोजतं. पॉज करून जेवायला गेलात, खिडकी लहान करून यूट्यूब बघत बसलात, तरी घड्याळ चालूच. वही तुम्ही खेळलात तेवढंच मोजते. मधले २३ तास मशीन चालू आणि माणूस दुसरीकडे. पीसी सरासरी २०० वॉट ओढत असेल तर ते साडेचार युनिटच्या वर गेलं.

याचा आणखी एक फटका आहे. स्टीमवर खेळ परत करून पैसे मिळवायचे तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असताना मागणी करावी लागते. नवा खेळ पहिल्यांदा उघडून सेटिंग अर्धवट टाकून उठलात तर ते दोन तास आपोआप खर्ची पडतात. नवा खेळ मांडी ठोकून बसणार असाल तेव्हाच उघडा.

केज तालुका, जि. बीड: माझ्या वहीत निम्म्या ओळींपुढे 'ला' आहे. आता वहीच बंद करावी म्हणतो.

उत्तर: वही बंद करू नका, तिने निदान केलंय. निम्म्या बैठका लाइट जाऊन संपत असतील तर अडचण तुमच्या खेळण्यात नाही, जोडणीत आहे आणि खेळाच्या निवडीत आहे.

आधी जोडणी. डेस्कटॉप असेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस. त्यात बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर. २०० वॉटचा पीसी आणि मॉनिटर त्यावर दहाएक मिनिटं निघतो. ही मिनिटं पुढे खेळायला नाहीत, सेव्ह करून बंद करायला आहेत. त्यावर प्रिंटर, स्पीकर लावू नका. बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. मग लाइट जाताच यूपीएस नुसता किंचाळतो आणि बंद पडतो. तेव्हा अख्खा यूपीएस नको, बॅटरी बदला.

घरात इन्व्हर्टर असेल तर मागच्या बाजूचा खटका बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असे दोन मोड असतात. पीसीच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात) वीज गेल्यावर जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरण्याइतकी शिल्लक असते. यूपीएस मोड साधारण १० मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, म्हणून पीसी टिकतो. नॉर्मल मोडला जास्त वेळ लागतो. पंखा-बल्बला ते कळत नाही, पीसी मात्र रीस्टार्ट होतो. खेड्यात यात एक मेख आहे. रब्बीत सगळ्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं. यूपीएस मोडला १८० व्होल्टच्या आसपासच्या खालची वीज चालत नाही. लाइट असूनही तो बॅटरीवर जातो आणि रात्रीपर्यंत बॅटरी रिकामी. तुमच्याकडे असं होत असेल तर इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर लावा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर चांगला एसएमपीएस गुरगुरतो किंवा बंद पडतो. पीसीसाठी साइन वेव्हचाच घ्यावा.

राउटरला वेगळा छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. राउटर दहा वॉटच्या आतबाहेर ओढतो, त्यामुळे तीन-चार तास सहज निघतात. मात्र फायबरच्या पलीकडच्या टोकालाही लाइट हवी. तिथेच नसेल तर तुमचा मिनी यूपीएस काय करणार!

आता खेळ. लाइट गेल्यावर किती गमावतो, हे खेळ सेव्ह कसा करतो यावर आहे. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा खेळ पीसीवर फक्त दिवस संपवून झोपल्यावर सेव्ह होतो. त्यातला दिवस सकाळी ६ ते रात्री २, म्हणजे आपली सुमारे १४ मिनिटं. खाणीत खोल उतरलेले असताना लाइट गेली की तेवढं सगळं वाया. हॉलो नाइटमध्ये तुम्ही शेवटी ज्या बाकावर बसून सेव्ह केलं, तिथून पुन्हा सुरू होता. एल्डन रिंग सतत स्वतःच सेव्ह करत राहतो, पण पॉज होत नाही, आणि नेमकी फाइल लिहिताना वीज गेली तर सेव्हच खराब व्हायची भीती. म्हणून आठवड्याला एकदा सेव्हचं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' दाखवायला सांगा. मग सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, अ‍ॅपडेटा, रोमिंग. तिथे एल्डन रिंगचं आणि स्टारड्यूचं फोल्डर दिसेल. स्टारड्यू प्रत्येक सेव्हशेजारी नावापुढे 'ओल्ड' लावलेली आदल्या दिवसाची प्रतही ठेवतो. चालू फाइल बिघडली तर ती बाजूला काढून जुनीच्या नावातला 'ओल्ड' खोडला की काम होतं.

लाइट आल्यावर स्टीमने 'क्लाउड कॉन्फ्लिक्ट'ची खिडकी दाखवली तर घाईने बटण दाबू नका. खेळ नीट बंद झाला नाही म्हणून नवी सेव्ह वर गेलेली नसते. स्टीमच्या सर्व्हरवरची आणि कॉम्प्युटरवरची, दोन्हींच्या तारखा आणि वेळा वाचा. बहुधा कॉम्प्युटरवरचीच नवी असते, ती निवडा.

आणि थ्री फेज कोणत्या आठवड्यात रात्रीची आहे ते टिपणात लिहाच. रात्री दोनला पाणी धरायला जाणाऱ्याच्या वहीत त्या आठवड्यात कोऱ्या जागा असणारच. (स्टारड्यूमध्ये पाऊस पडला की पाणी द्यावं लागत नाही, आणि पिकं गेली तरी पंचनाम्याची वाट बघावी लागत नाही. तेवढं सुख तिथेच.)

लातूर: नीटच्या तयारीसाठी होस्टेलवर आहे. रात्री जेवण झाल्यावर ४० मिनिटं मोकळी मिळतात, त्यात बीजीएमआय खेळतो. ४० ची दीड-दोन तास कधी होतात कळत नाही. वहीत 'पू' एकदाही आलेलं नाही.

उत्तर: येणार नाही, कारण तुम्ही मिनिटं ठरवता आणि खेळ मॅचमध्ये मोजतो. एरांगेलचा नकाशा ८ बाय ८ किलोमीटर, खेळाडू १००. शेवटपर्यंत टिकलात तर अर्धा तास जातो. लवकर मेलात तर पाच मिनिटांत बाहेर, आणि 'ही तर मॅच झालीच नाही' म्हणून दुसरी. ४० मिनिटांत एक पूर्ण एरांगेल बसतो, दुसरा बसत नाही, पण सुरू मात्र होतो. लिव्हिक हा नकाशा छोटा, २ बाय २ किलोमीटर, खेळाडू ५२, पंधराएक मिनिटांत निकाल. तुमच्या वेळेत दोन लिव्हिक बसतात. ठरवायचं ते 'दोन मॅच', किती टिकलो याच्याशी संबंध नाही. पाच मिनिटांत बाद झालात तरी ती एक मॅच. दुसरी झाली की 'पू' लिहा आणि फोन चार्जिंगला लावा.

सोबत्यांबरोबर स्क्वॉड खेळत असाल तर हे त्यांना आधीच सांगून ठेवा. 'एक अजून' बहुतेक वेळा शेजारच्या कॉटवरून येतं. त्यासाठी 'हा' नको, वेगळी खूण ठेवा, 'मि' म्हणजे मित्र. महिनाअखेरीस मोजल्यावर स्वतःच्या नादाने किती लांबलं आणि मित्रांमुळे किती, ते समोर येईल. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

वेळ तपासायला अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडा. तिथे अ‍ॅपवार रोजचा वेळ दिसतो. फार मागचं राहत नाही, म्हणून रविवारी आकडा वहीत उतरवा. तिथेच अ‍ॅप टायमर लावता येतो. तो ४० चा नको, ४५ चा लावा, नाहीतर चालू मॅचमध्ये अ‍ॅप बंद होऊन सोबती बोंब मारतील. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात अ‍ॅप काढून टाकायचं असेल तर खुशाल काढा. खातं लॉगिनला जोडलेलं असतं, प्रगती जात नाही. पाहुणा म्हणून, म्हणजे गेस्टने खेळत असाल तर मात्र आधी खातं जोडा.

जालना: मुलगा सोळा वर्षांचा आहे. तुमचं वाचून वही करायला लागला, हे बरं झालं. ती वही मी वाचावी का? आणि खेळात पैसे जातात ते कसं बघायचं?

उत्तर: ताई, वही वाचू नका. घरचे वाचतात हे कळलं की पाचव्या रकान्यात सगळीकडे 'पू' दिसायला लागेल, आणि मग ती वही कुणाच्याच कामाची नाही. महिन्याचं टिपण त्याने स्वतः दाखवलं तर जरूर वाचा. त्यात 'हा' खूप असतील तर तुमच्याही हाका कोणत्या वेळी पडतात ते बघा. मॅचच्या मध्ये हाक मारली की चिडचिड होते; "ही मॅच झाली की ये" म्हटलं की बहुधा येतो.

पैशांचं बघणं सोपं आहे. त्याच्या फोनवर प्ले स्टोअर, वर उजवीकडे प्रोफाइलचं चित्र, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, मग बजेट अँड हिस्ट्री. प्ले स्टोअरमधून झालेली प्रत्येक खरेदी तारखेसह तिथे असते आणि महिन्याचं बजेटही टाकता येतं. खरेदीच्या वेळी दर वेळेस पासवर्ड मागायची सेटिंग चालू करा. बाहेरून स्वस्तात यूसी (बीजीएमआयमधलं विकतचं चलन) देणाऱ्यांकडून घ्यायचं नाही हे मात्र स्पष्ट सांगा, पैसेही जातात आणि खातंही.

पोशाख, बंदुकीचे रंग विकत घेणं एक आणि पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ दुसरं. दुसऱ्या प्रकारच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने बंदी घातली आहे. हिस्ट्रीत यूसी दिसलं तर बोलून मार्ग निघेल. बँकेच्या किंवा यूपीआयच्या यादीत पैसे लावायच्या अ‍ॅपचं नाव दिसलं तर त्याच दिवशी बोला, महिनाअखेरीची वाट पाहू नका.

वाळूज, छत्रपती संभाजीनगर: सेलमध्ये घेऊन घेऊन सत्तर खेळ झालेत. टिपण लिहायला बसलो की न खेळलेल्यांची यादीच डोळ्यांपुढे येते. पाळ्या बदलतात, वेळ मिळतो आठवड्याला पाच तास.

उत्तर: न खेळलेले खेळ म्हणजे उधारी नव्हे, त्यांना टिपणात जागाच देऊ नका. हिशोब असा मांडा: आठवड्याला ५, म्हणजे महिन्याला २० तास. विचर ३ ची नुसती मुख्य कथा ५० तासांच्या आसपास, उपकथा धरल्या तर शंभराकडे. म्हणजे तुम्हाला अडीच ते पाच महिने. सेलेस्ट आठेक तास. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० सालचा 'राजी' पाचेक तासांत संपतो. एका वेळी एक मोठा आणि एक छोटा, एवढेच इन्स्टॉल ठेवा, बाकी अनइन्स्टॉल. खेळ लायब्ररीतून जात नाही, फक्त डिस्कवरून जातो. ५० जीबीचा खेळ ४० एमबीपीएसच्या लाइनवर पावणेतीन-तीन तासांत परत उतरतो. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर मात्र महिनाभर लागेल, तेव्हा तसं असेल तर पुसण्याआधी दुसऱ्या डिस्कवर हलवा.

वहीत तारखेशेजारी पाळी लिहा: फ (फर्स्ट), से (सेकंड), ना (नाइट). महिन्याच्या शेवटी 'झो' कोणत्या पाळीत जास्त पडलाय ते बघा. नाइटच्या आठवड्यात तो जास्त निघाला तर त्या आठवड्यात मोठ्या खेळाला हात लावू नका. अर्धवट झोपेत शिकलेली बटणं पुढच्या आठवड्यात आठवत नाहीत आणि तोच भाग पुन्हा खेळावा लागतो. तो आठवडा छोट्या खेळाचा.

हिंगोली: एप्रिल-मे मध्ये लॅपटॉप वीस मिनिटांत फणफणतो, खेळ अडखळतो, कधी थेट बंद होतो. सगळे 'ता'.

उत्तर: पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली ४० अंशांवर असेल तर लॅपटॉपला थंड हवा आणायची कुठून? प्रोसेसर ९५-१०० अंशांजवळ पोचला की स्वतःचा वेग कमी करतो, ते अडखळणं. तरी चढत राहिला तर बंद. गादीवर, मांडीवर नको. मागच्या पायांखाली बाटलीची दोन झाकणं ठेवून तो दोनेक सेंटिमीटर उचला. खेळाच्या सेटिंगमध्ये फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० ला, नाहीतर ४० ला बांधा. मग कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ करा. टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि बऱ्याच लॅपटॉपवर दहा-पंधरा अंश उतरतात. फ्रेम थोड्या कमी होतील, चालतं. जाळी ब्लोअरने साफ करताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, नाहीतर तो उलटा गरगर फिरून खराब होतो.

कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप नको. बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत गेले की क्षार साठतो. कूलर माणसाकडे, खिडकी उघडी. फोन तापला तर कव्हर काढा, चार्जिंग थांबवा. फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, आत दव धरतं. मे महिन्यात खेळायची खरी वेळ पहाटे पाच ते सात.

धाराशिव: डिसेंबरात एकही बैठक झाली नाही. येळवस (वेळ अमावस्या), पाहुणे, लग्नं. कोऱ्या महिन्याचं टिपण लिहायचं का?

उत्तर: लिहायचं, तीन ओळींचं. येळवशीला आंबील-भज्जी सोडून पीसीपुढे कोण बसतं? काय चाललं होतं ते लिहा आणि खाली आधीच्या महिन्यातली शेवटची 'कुठे पोचलो' ओळ उतरवून घ्या. महिन्याच्या खंडानंतर माणूस अडतो तो बटणं विसरल्यामुळे आणि पुढे कुठे जायचं ते न आठवल्यामुळे. म्हणून त्या रकान्यात जागेचं नाव पुरत नाही, पुढची पायरीही लिहावी: "पूल ओलांडला, आता डावीकडच्या बुरुजाची किल्ली शोधायची." परत सुरू करताना आधी सेव्हची प्रत काढा. मग पहिली वीस मिनिटं जुन्या, सोप्या भागात फिरून हात बसवा. ती बैठकसुद्धा वहीत लिहा, खूण पू.